आहारतज्ज्ञ आहेत, मानसोपचारतज्ज्ञ आहेत. मग ऑक्युपेशनल थेरपिस्ट कशाला?

प्रश्न नाशिकरोडच्या एका आईचा आहे. मुलगी १९ वर्षांची, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. दीड वर्षापूर्वी तिने आधी साखर सोडली, मग भात, मग तेल, मग घरच्यांबरोबर जेवायला बसणंच. ॲनोरेक्सिया नर्व्होसाचं, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणं तोडत जाण्याच्या आजाराचं, निदान झालं, काही दिवस दवाखान्यात काढले, आता वजन हळूहळू वर येतंय. मानसोपचारतज्ज्ञ, समुपदेशक आणि आहारतज्ज्ञ आहेतच. त्यात आता मानसोपचारतज्ज्ञांनी ऑक्युपेशनल थेरपीची चिठ्ठी दिली. त्या लिहितात, "सासऱ्यांना अर्धांगवायू झाला तेव्हा ओटीच्या मॅडम हाताचे व्यायाम घ्यायला यायच्या. मुलीचे हातपाय तर धड आहेत. मग ही चौथी फी कशासाठी? आणि एक सांगते, पूर्वी पाडव्याला गोदाघाटावर महारांगोळी काढायला जाणारी माझी पोरगी आता दारात ठिपकेसुद्धा काढत नाही. त्याचाही काही उपाय असेल तर सांगा."

ताई, विचारलंत ते बरं केलंत. बहुतेक लोक विचारत नाहीत, चिठ्ठी पाकिटात ठेवून देतात.

आधी नावाचा घोळ. ओटी म्हटलं की निम्म्या लोकांना ऑपरेशन थिएटर आठवतं. मराठीत 'व्यवसायोपचार' म्हटलं की उरलेल्या निम्म्यांना वाटतं, नोकरीधंद्याशी काहीतरी संबंध असणार. एका आजोबांनी मला विचारलं होतं, "नात अजून शिकतेय, तिला कसला व्यवसाय?" इथे ऑक्युपेशन म्हणजे माणसाचा वेळ ज्या कामांनी भरतो ती सगळी कामं. अंघोळ, कपडे, स्वयंपाक, कॉलेज, बस पकडणं, मैत्रिणीकडे जाणं, रांगोळी. आपल्याकडे हे शिक्षण १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमलाबाई निंबकरांनी सुरू केलं. तेव्हापासून मनाच्या आजारांवरचं काम आम्हा ऑक्युपेशनल थेरपिस्टांच्या अभ्यासात आहेच. लोकांच्या डोळ्यांसमोर मात्र अर्धांगवायूचे व्यायामच येतात, आणि त्यात दोष लोकांचा नाही.

आता तुमच्या मुलीचं. डॉक्टर शरीर सांभाळतात. आहारतज्ज्ञ काय आणि किती खायचं ते ठरवून देतात. समुपदेशक भीतीशी बोलतात. पण दुपारी चार वाजता तुमच्या ओट्यासमोर ती हातात कागद धरून उभी असते, तेव्हा या तिघांपैकी कोणी तिथे नसतं. कागदावर 'एक वाटी उपमा, एक फळ' असं स्वच्छ लिहिलेलं असतं. तिला ते पाठ असतं, पटलेलंही असतं. आणि हात पुढे जात नाही. माझं काम तिथे सुरू होतं.

पहिल्या भेटीत मी खाण्याबद्दल जवळजवळ विचारत नाही. मोठ्या कागदावर अर्ध्या-अर्ध्या तासाच्या चौकटी आखून कालचा अख्खा दिवस भरायला सांगते. मग दोघी मिळून रंग देतो. आजारासाठी केलेलं काम लाल, स्वतःसाठी केलेलं हिरवं, नाइलाजाचं करडं. कॅलरी मोजणं, वजनकाट्यावर तीनदा चढणं, जेवण टाळायला बहाणा शोधणं, रेसिपींचे व्हिडिओ, आरशासमोरचा वेळ, जिने चढउतार, 'जेवले' हे पटवण्यासाठी ताट खरकटं करून ठेवणं, हे सगळं लाल. एका मुलीच्या कागदावर सकाळी सहा ते रात्री अकरा यांत हिरव्या चौकटी दोनच होत्या. ती बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "म्हणजे हीच माझी नोकरी झालीय."

चौथी फी का, त्याचं उत्तर त्या वाक्यात आहे. हा आजार पूर्ण वेळेची नोकरी असतो. त्यात कामाचे तास आहेत, नियम आहेत, रोजचा हिशेब आहे आणि 'आज जमलं' ही शाबासकीही आहे. उपचारांत आपण ही नोकरी काढून घेतो. मग रिकाम्या झालेल्या त्या बारा-चौदा तासांचं काय? जागी काही उभं केलं नाही तर ती जुन्याच नोकरीवर परत जाते. वजन भरून घरी गेलेल्या मुली काही महिन्यांत पुन्हा घसरतात, त्यामागे हे रिकामे तास असतात असं माझ्या कामातून माझं मत झालंय.

आता स्वयंपाकघराचं सांगते, कारण आमचं सगळ्यात जास्त काम तिथे चालतं. माझ्याकडे एक शेगडीची साधी खोली आहे. तिथे कोणालाही पहिल्याच दिवशी 'कर आणि खा' म्हणत नाही. एक पदार्थ ठरतो आणि त्याच्या पायऱ्या पाडतो. एकीच्या बाबतीत पोहे होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) पहिल्यांदा फक्त कांदा चिरणं आणि पोहे भिजवणं. पुढच्या वेळी फोडणी. तिने पिशवीतून खोकल्याच्या औषधाचं प्लास्टिकचं झाकण काढलं. त्यावर मिलिलीटरच्या रेघा असतात ना, ते. घरी ती तेल त्याने मोजायची. मी काही बोलले नाही. ओट्यावर तेलाची बुधली होती आणि शेजारी रोजचा चमचा. तिने झाकण खाली ठेवलं, चमचा उचलला, बुधली तिरकी केली आणि तेल चमच्यात पडायच्या आत पुन्हा सरळ केली. असं चार वेळा. पाचव्यांदा तेल पडलं. मोहरी तडतडली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. कांद्याचं नव्हतं, कांदा तर मी चिरला होता.

भीती किती, हे दहापैकी सांगायला लावते. फोडणीआधी ती म्हणाली नऊ. बशीत पोहे घेऊन बसल्यावर साडेनऊ. मीही माझी बशी घेऊन समोर बसले, तेवढेच पोहे घेऊन. थेरपिस्टने समोर बसून नुसतं बघायचं नसतं, बरोबर खायचं असतं. गप्पा पोह्यांच्या नाहीत. तिच्या भावाच्या क्रिकेटच्या. संपवायला पस्तीस मिनिटं लागली. नंतर अर्ध्या तासाने पुन्हा विचारलं तर सहा. काही न करता भीती उतरते, हे तिने स्वतःच्या अंगावर पाहिलं. हेच तिला समुपदेशकांनी दहा वेळा समजावलं होतं आणि ते चूक नव्हतं. पण पोहणं काठावर बसून शिकता येत नाही.

जेवणानंतरचा तास जेवणापेक्षा अवघड असतो, आणि घरचे नेमके तेव्हा सुटकेचा श्वास टाकून टीव्ही लावतात. पोट जड वाटतं, अपराधीपण येतं, उलटी करावी किंवा चालायला पळावं असं वाटतं. त्या तासासाठी आम्ही आधीपासून काम ठरवून ठेवतो, आणि ते हातांचं काम लागतं. क्रोशा, मणी ओवणं, मातीकाम, मेथी निवडणं. वाचन चालत नाही, डोळे ओळींवरून फिरतात आणि डोकं पोटातच असतं. दोन्ही हात गुंतलेले, थोडी मोजदाद आणि समोर कोणीतरी बसलेलं, एवढं जमलं की तो तास निघतो.

तुम्ही पत्रात लिहिलंय की ती स्वतः खात नाही, पण सगळ्यांसाठी केक करते, तासन्‌तास रेसिपी बघते, आणि हे ढोंग वाटतं. ताई, हे ढोंग नाही. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अँसेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला. त्या तरुणांना हा आजार नव्हता. तरी ते पाककृतींची पुस्तकं वाचत बसू लागले, एका ताटावर तास घालवू लागले, घास विचित्र पद्धतीने कालवू लागले, थंडीने कुडकुडू लागले, मित्रांपासून तुटले, चिडचिडे झाले. उपाशी मेंदू असाच वागतो. तुमच्या मुलीचं जे वागणं तुम्हाला स्वभाव वाटतंय, त्यातला बराच भाग निव्वळ उपासमार आहे.

त्याच कारणाने 'भूक लागली की खा' हे वाक्य सध्या घरात बंद ठेवा. भुकेची आणि पोट भरल्याची जाणीव या काळात बिघडलेली असते. चार घासांत पोट भरल्यासारखं वाटतं, कधी भूक कळतच नाही. म्हणून सुरुवातीला घड्याळ बघून खायचं. शरीराची बाकीची भाषाही आम्ही पुन्हा शिकवतो. थंडी वाजतेय का, लघवीला लागलीय का, दमलीस का, अशा साध्या खुणांपासून. एक मुलगी डिसेंबरच्या पहाटे पातळ कुर्ता घालून यायची. नाशिकची डिसेंबरची पहाट तुम्हाला माहीत आहे. तिने स्वतःहून स्वेटर घातला, त्या दिवशी मी तिच्या फाइलीत तारखेसकट लिहून ठेवलं.

आपल्याकडचा एक खास गुंता म्हणजे उपास. चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्राचे नऊ दिवस. आजार त्यांच्या आड मस्त लपतो आणि वर कौतुकही मिळवतो, "काय बाई निष्ठा!" माझ्याकडे आलेल्या एका मुलीने वर्षभरात एवढे वार धरले होते की आठवड्यात जेवणाचे दिवस तीनच उरले होते. श्रद्धेला मी हात लावत नाही. पण आजारी माणसाला उपास नसतो, हे आपल्याच घरातल्या म्हाताऱ्या सांगत आल्या आहेत. ते तिच्या आजीच्या तोंडून आलं तर माझ्या शंभर वाक्यांपेक्षा जास्त काम करतं. आजी असतील तर त्यांना एकदा घेऊन या. देवीला जायचं असेल तर जाऊ दे, ओटी भरू दे (ही तिसरी ओटी!), फुलं तिला गुंफू दे. पण जेवूनच.

दुसरा गुंता म्हणजे मिसळ. बाहेरगावच्याला हे हास्यास्पद वाटेल. पण रविवारी सकाळी मित्रमंडळी मिसळीला निघाली आणि तुम्ही नेहमी काहीतरी कारण काढता, तर सहा महिन्यांत तुम्हाला कोणी विचारेनासं होतं. म्हणून 'मैत्रिणींबरोबर मिसळ खाणं' हे बऱ्याच मुलींच्या यादीत असतं. यादी त्यांनी करायची, मी नाही.

इथे माझी एक चूक कबूल करते. काही वर्षांपूर्वी एका मुलीची प्रगती बघून मला घाई झाली. तिसऱ्याच आठवड्यात तिला रविवारच्या गर्दीत मिसळीला घेऊन गेले. लालभडक रश्श्यावर तर्री, किती ते कळत नाही, पाव किती घ्यायचे ठरलेलं नाही, शेजारच्या टेबलावरची काकू "अगं घे की अजून" म्हणतेय. तिने दोन घास घेतले, हात धुवायला गेली आणि परत आली ती थेट रिक्षात बसायला. पुढचे पंधरा दिवस ती आलीच नाही. आता त्याच रस्त्याच्या सात-आठ पायऱ्या करते. आधी रिकाम्या वेळी नुसता चहा. मग मंगळवारी दुपारी, गर्दी नसताना, घरच्या एका माणसाबरोबर. मेन्यू आधी बघून ठरवून. मग एक मैत्रीण. मग रविवार. तिथे आग्रह झाला तर काय बोलायचं याचा आम्ही चक्क नाटकासारखा सराव करतो, आणि आग्रह करणारी काकू मी फार चांगली करते.

कपड्यांचं थोडक्यात. कपाटातली जुनी, आता लहान होणारी जीन्स रोज घालून बघणं हा वजनकाटाच आहे, फक्त कापडाचा. ते कपाट आम्ही एकत्र आवरतो. नवीन कपडे घ्यायला बरोबर जातो, सैलसर, नंबरकडे न बघता. यातही रडारड होते. होऊ द्यायची.

व्यायामाबाबत डॉक्टरांच्या परवानगीशिवाय मी एक पाऊल चालायला सांगत नाही. परवानगी मिळाल्यावरही गोदापार्कवर एकटीने, घड्याळात पावलं मोजत नाही. कोणाबरोबर तरी, गप्पा मारत, बाकड्यावर बसत. बसता येणं हे त्यातलं खरं उद्दिष्ट असतं.

आता मर्यादा, कारण त्या कोणी सांगत नाही. एकट्या ऑक्युपेशनल थेरपीने हा आजार बरा करते असं कोणी म्हणालं तर तिथून उठा. किशोरवयीन मुलांच्या ॲनोरेक्सियात कुटुंबाला केंद्रात ठेवून केलेल्या उपचारांना आणि बुलिमियात (ताबा सुटून खायचं आणि मग उलटी वगैरे करून ते भरून काढायचं) व बिंज ईटिंगमध्ये (नुसतंच ताबा सुटून खूप खाणं) विचार-वर्तनावरच्या थेरपीला संशोधनाचा आधार जास्त भक्कम आहे. आमच्या कामावरचं संशोधन त्या मानाने थोडं आहे. आम्ही त्या उपचारांना रोजच्या दिवसात उतरवतो, त्यांची जागा घेत नाही. आणि शरीर स्थिर नसेल तर माझं स्वयंपाकघर बंद असतं. नाडी फार मंद होणं, चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड, वारंवार उलट्या, पायांवर सूज, किंवा जगणं नको असं बोलणं, यांतलं काहीही दिसलं तर थेरपीच्या वेळेची वाट न बघता थेट दवाखाना. उलट्यांनी रक्तातलं पोटॅशियम घसरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. बरेच दिवस उपाशी राहिलेल्याला मायेने एकदम भरपूर खाऊ घालणंही धोक्याचं असतं, फॉस्फरस झपाट्याने खाली जातो. म्हणून खाणं वाढवायचा वेग डॉक्टर आणि आहारतज्ज्ञच ठरवतात, मी नाही आणि तुम्हीही नाही. रात्रीबेरात्री मनाचा तोल गेला तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी फोन आहे, मराठीतून बोलता येतं.

घरी तुम्ही काय करायचं, हेही विचारलंय. ताटावर खाण्याची चर्चा नको, ना दटावणी ना शाबासकी. "आज छान भरलेली दिसतेस" हे वाक्य तुम्ही प्रेमाने बोलता, तिला ते 'जाड झालीस' असंच ऐकू येतं. येणाऱ्या-जाणाऱ्यांनाही आधीच फोनवर सांगून ठेवा, तब्येतीवर बोलायचं नाही. वजनकाटा घरातून काढा. वजन दवाखान्यात होईल. वाढताना एकदा वाढा आणि स्वतः तिच्याबरोबर बसून जेवा. तुम्ही मागून उभ्याने, उरलंसुरलं खात असाल तर ते ती बघतेय. हे बोलणं लागेल, पण मी आयांना हे सांगते आणि वडलांना 'पाणी घेऊन ये' म्हणायचं बंद करून पंगतीला वेळेवर या असं सांगते.

वाचणाऱ्या इतरांसाठी एवढंच, की हा फक्त मुलींचा आजार नाही. जिम आणि प्रोटीन पावडरच्या आड लपलेले मुलगे माझ्याकडे येतात, आणि फार उशिरा येतात. बिंज ईटिंगमध्ये माणूस बारीक नसतो, म्हणून घरचे त्याला आजार मानतच नाहीत. आणि लहान मुलांमधलं ठरावीक चार पदार्थांपलीकडे काहीच न खाणं, ज्यात वजनाची भीती नसून चव, वास किंवा मऊपणा-कडकपणा सहन होत नाही, ते वेगळं प्रकरण आहे. त्याला २०१३ पासून एआरएफआयडी असं स्वतंत्र नाव आहे. त्यात आमचं काम अजून जास्त असतं, पण ते इथे मावायचं नाही.

फीचं म्हणाल तर आठवड्यातून एकदा या, दोनदा परवडत नसेल तर दोनदा नको. सहा-आठ महिने धरून चला. मधल्या दिवसांचं काम मी घरासाठी लिहून देते. तीन महिन्यांनी तो रंगीत कागद पुन्हा भरू. हिरव्या चौकटी वाढल्या नसतील तर मला जाब विचारा आणि फी थांबवा. मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञांचे कागद पहिल्या भेटीला आणा, कारण चौघांनी चार दिशांना ओढलं तर सगळ्यात आधी आजाराला कळतं.

डबा आणू नका. रांगोळीचं सामान आणा. ठिपक्यांचा कागद घरात असेलच. रंग संपले असतील तर मेन रोडला मिळतील, पण ते आणायला तुम्ही जाऊ नका, तिला पाठवा. जेवणानंतरच्या तासासाठी आपल्याला रोज एक रांगोळी लागणार आहे.